चांगले जंतू, वाईट जंतू आणि आंबट घोटाची एकशेवीस वर्षं

एपिसोड ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर हा त्याचाच लिखित अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

मागच्या वर्षी जुलैमध्ये माझ्या आजीला न्यूमोनिया झाला. वय ७८. कराडला आठ दिवस दवाखान्यात होती, सलाईनमधून अँटिबायोटिक्स चालू होती. घरी आल्यावर आणखी पाच दिवस गोळ्या. न्यूमोनिया बरा झाला. पण गोळ्या संपल्यावर तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-दहा वेळा, नुसतं पाणी.

मी शनिवार-रविवार जोडून हिंजवडीहून घरी आलो होतो. आमच्याकडे इंजिनिअर म्हणजे सगळ्याच विषयांतला इंजिनिअर. मोबाइलचं नेटवर्क गेलं तरी मला विचारतात आणि पोट बिघडलं तरी मलाच. मी छातीठोकपणे सांगितलं, "अँटिबायोटिक्समुळे पोटातले चांगले बॅक्टेरिया मेलेत. ते परत भरले की वाईट बॅक्टेरियांना ते हाकलतील." बाजारातून प्रोबायोटिक ड्रिंकच्या बाटल्यांचे चार पॅक आणले. शिवाय दोन वेळा ताक. आई म्हणाली, "अरे, डॉक्टरांना एक फोन तरी करूया." मी म्हणालो, "आई, दोन दिवस थांब गं. उगाच आणखी गोळ्या देतील."

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी मोरीच्या दारात बसली ती उठेचना.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "याआधी अँटिबायोटिक्स कोणती चालू होती?" शौचाची तपासणी झाली. क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिल नावाचा बॅक्टेरिया निघाला. त्याला सगळे सी. डिफ म्हणतात. शरीरातलं पाणी पार कमी झालं होतं. परत सलाईन, आणि दहा दिवस व्हँकोमायसिन, तेही तोंडावाटे. आजी बरी झाली. जाताना मी डॉक्टरांना बाटल्यांबद्दल विचारलं. ते म्हणाले, "बाटल्यांनी काही बिघडलं नाही. तुम्ही थांबलात, त्याने बिघडलं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. मला त्या गोष्टीची एवढी खात्री कुठून आली होती? "चांगले जंतू प्या, वाईट जंतू पळतील," हे मी कधी, कुणाकडून शिकलो? शोधत गेलो तर थेट एकशेवीस वर्षं मागे, पॅरिसमध्ये जाऊन पोचलो.

कॉलरा पिणारा प्राध्यापक

इल्या मेचनिकोव्ह. जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधल्या खारकिव्हजवळचा. ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक होता. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांमध्ये काटे टोचून बघितले. काट्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. आपल्या रक्तातल्या पेशी जंतूंना गिळतात, ही कल्पना त्यातून निघाली, आणि पुढे १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखसोबत मिळालं ते याच कामासाठी. म्हणजे माणूस साधासुधा नव्हता. १८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता.

इथे आपल्या मुंबईचा एक धागा सापडतो. ओडेसातला त्याचा एक विद्यार्थी त्याच्या मागोमाग पॅरिसला आला आणि पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथालयात सहायक म्हणून लागला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. त्याने १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस बनवून आधी स्वतःला टोचून घेतली, १८९३ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि मुंबईत प्लेग आल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये बसून त्याने प्लेगची लस केली. जानेवारी १८९७ मध्ये तीही पहिल्यांदा स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची.

गुरूही तसाच होता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कॉलरा आला, तेव्हा मेचनिकोव्हला एक कोडं पडलं. एकाच गावात, एकच पाणी पिऊन, काहींना कॉलरा होतो आणि काहींना होत नाही. का? उत्तर शोधायला तो कॉलऱ्याचे जंतू चक्क प्यायला. त्याला काही झालं नाही. मग स्वयंसेवक प्यायले. त्यातला एक मरता मरता वाचला.

आज कुठलीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही. पण पुढे त्याने काय केलं बघा. आतड्यात राहणारे दुसरे जंतू घेतले आणि प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंसोबत वाढवले. काहींच्या संगतीत कॉलरा जोमाने वाढला, काहींच्या संगतीत दबला. म्हणजे पोटातले शेजारी कोण आहेत, यावर आजार होणार की नाही हे ठरत असावं.

आज ज्याला आपण मायक्रोबायोम म्हणतो, त्या कल्पनेचं बीज यात आहे. पण हे निरीक्षण काचेच्या बशीतलं होतं, हेही लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

बल्गेरियाचं विरजण

मेचनिकोव्ह म्हातारा होत चालला तसा त्याला म्हातारपणाचाच राग येऊ लागला. त्याचं म्हणणं असं: मोठ्या आतड्यात अन्न सडवणारे बॅक्टेरिया राहतात. ते फिनॉल, इंडोल अशी विषं बनवतात. ती रक्तात झिरपतात आणि माणूस हळूहळू झिजतो. मग उपाय काय? दूध नासण्याऐवजी विरजलं तर टिकतं, कारण विरजणातले बॅक्टेरिया लॅक्टिक आम्ल बनवतात आणि त्या आंबटपणात सडवणारे जंतू वाढत नाहीत. दुधात जे होतं ते पोटात का होऊ नये?

आपल्याला हे ऐकायला किती ओळखीचं वाटतं! विरजण म्हणजे काय, हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

त्याला हवा असलेला बॅक्टेरियाही मिळाला. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह नावाच्या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत, आपल्या देशातल्या दह्यातून दांडीसारखा एक जिवाणू शोधला. पुढे त्याला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे नाव पडलं. दही-योगर्टच्या कारखान्यांत आजही तोच वापरतात. बल्गेरियातले शेतकरी दही खातात आणि शंभरी गाठतात, हा मेचनिकोव्हचा आवडता पुरावा होता.

इथे जरा थांबूया. १९०० च्या सुमारास शंभर वर्षांचा असलेला माणूस १८०० च्या आसपास, ऑटोमन राजवटीतल्या एखाद्या खेड्यात जन्मलेला. त्याचं वय कळायचं तोंडी सांगण्यावरून. आपल्याकडेही "पणजोबा एकशे दहा वर्षं जगले" असं प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. शिवाय ते शेतकरी दह्यासोबत दिवसभर शेतात राबतही होते. आयुष्य कशाने वाढलं, आणि मुळात वाढलं का, हे वेगळं काढायचं कसं?

पण हे प्रश्न विचारायला वेळ कुणाला होता? १९०४ मध्ये पॅरिसमध्ये म्हातारपणावर त्याचं जाहीर व्याख्यान झालं आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. १९०७ मध्ये दीर्घायुष्यावरचं त्याचं पुस्तक आलं. आंबट दुधाची लाट युरोप-अमेरिकेत पसरली. औषधांच्या दुकानांत बॅक्टेरियाच्या गोळ्या आल्या. १९१९ मध्ये आयझॅक कारासोने बार्सिलोनात दही विकायला सुरुवात केली, ब्रँडला मुलाच्या नावावरून दानोन म्हटलं, आणि सुरुवातीला ते दही विकलं जायचं औषधांच्या दुकानांत. तोपर्यंत मेचनिकोव्ह नव्हता. रोज आंबट दूध पिणारा हा माणूस १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला.

पहिला बग रिपोर्ट

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज ऐकू येतं: "माझ्या मशीनवर चालतंय." डेव्हलपरच्या लॅपटॉपवर कोड मस्त चालतो आणि खऱ्या सर्व्हरवर गेला की आडवा पडतो. मेचनिकोव्हच्या कल्पनेचं नेमकं तेच झालं.

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लिओ रेटगर आणि हॅरी चेप्लिन यांनी साधा प्रश्न विचारला: पाजलेला बल्गेरिकस आतड्यात पोचून तिथे राहतो का? उत्तर आलं, नाही. पोटातलं आम्ल आणि पित्त यांतून जाताना त्याचा निभाव लागत नाही, आणि तो वस्तीही करत नाही. दुधाच्या बाटलीत जो राजा होता, तो आतड्यात साधा पाहुणासुद्धा ठरत नव्हता.

त्यांनी दुसरा जिवाणू सुचवला, ॲसिडोफिलस. तो जिवंत पोचायचा. पण गंमत म्हणजे भरपूर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नुसती खायला दिली तरी आतड्यातले मूळचे ॲसिडोफिलस वाढायचे. पाहुणे बोलावण्याऐवजी घरच्यांनाच जेवू घातलं तरी काम होतं!

म्हणजे प्रश्न आता बारीक झाला. "दही चांगलं का?" हा प्रश्न मागे पडला. कोणता जिवाणू, किती, जिवंत पोचतो का, आणि कोणत्या शत्रूविरुद्ध, हे विचारायची वेळ आली.

सैनिक आणि छोटी बाटली

या प्रश्नाची दोन उत्तरं दोन वेगळ्या देशांतून आली.

पहिलं जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात बाल्कन भागात सैनिकांना शिगेलाच्या जुलाबांनी हैराण केलं होतं. एका सैनिकाला मात्र काहीच झालं नाही. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निस्लेने १९१७ मध्ये त्याच्या शौचातून ई. कोलायचा एक प्रकार वेगळा काढला, जो बशीत बाकीच्या रोगजंतूंना दाबून टाकायचा. ई. कोलाय म्हटलं की आपल्याला घाणेरडं पाणी आठवतं, पण हा त्याच्यातला सज्जन. ई. कोलाय निस्ले १९१७ या नावाने तो आजही औषध म्हणून मिळतो. हे पेय नव्हतं, कॅप्सूल होती. पण विचार तोच: जो आजारी पडला नाही, त्याच्या पोटातला पहारेकरी उसना घ्यायचा.

दुसरं जपानमधून. मिनोरू शिरोटा क्योटोच्या विद्यापीठात होता. त्या काळी जपानमध्ये पोटाच्या संसर्गाने लहान मुलं मरत. १९३० मध्ये त्याने आम्ल आणि पित्त दोन्ही सहन करणारा लॅक्टोबॅसिलसचा एक प्रकार वाढवला. रेटगरने दाखवलेली अडचण त्याने थेट अंगावर घेतली होती. १९३५ मध्ये तो जिवाणू घातलेलं आंबवलेलं दुधाचं पेय विक्रीला आलं. नाव याकुल्ट, एस्पेरांतो भाषेतल्या दह्याच्या शब्दावरून घेतलेलं. १९६३ पासून बायका ते घरोघरी पोचवू लागल्या. आज आपल्याकडे जी ६५ मिलिलिटरची बाटली मिळते, तिच्यावर ६५० कोटी जिवाणू असं लिहिलेलं असतं.

६५० कोटी! आकडा ऐकून मीही भारावलो होतो. पण जरा भागाकार करू. २०१६ च्या एका गाजलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. म्हणजे बाटलीतला एक पाहुणा आणि समोर जवळपास सहा हजार स्थानिक रहिवासी. हे पाहुणे सहसा कायमचे राहतही नाहीत. पिणं बंद केलं की काही दिवसांत शौचात दिसेनासे होतात.

म्हणून ते निरुपयोगी ठरतात का? नाही. येता-जाता ते आम्ल सोडतात, काही जण इतर जंतूंना मारणारी छोटी प्रथिनं बनवतात, आतड्याच्या अस्तरावरची जागा आणि अन्न अडवतात, प्रतिकारशक्तीला डिवचतात. या सगळ्या शक्यता खऱ्या आहेत. पण शक्यता म्हणजे परिणाम नव्हे. परिणाम बघायला माणसांवर चाचणी लागते.

खरी परीक्षा

तीन चाचण्या सांगतो, कारण तिन्ही एकमेकींशी भांडतात.

पहिली लंडनची, २००७. रुग्णालयातले वयस्क रुग्ण, अँटिबायोटिक्स चालू. निम्म्यांना ॲक्टिमेल हे आंबवलेलं पेय, निम्म्यांना जंतू नसलेला मिल्कशेक. अँटिबायोटिक चालू असताना आणि संपल्यावर एक आठवडा. निकाल जबरदस्त. पेय घेणाऱ्यांत १२ टक्क्यांना जुलाब झाले, मिल्कशेकवाल्यांत ३४ टक्क्यांना. आजीला झाला तो सी. डिफ पेय घेणाऱ्यांत कुणालाच नाही, दुसरीकडे १७ टक्के. जगभर बातम्या झाल्या. मग टीकाही झाली. एकूण रुग्ण फक्त १३५, बऱ्याच जणांना आधीच गाळलेलं. आणि मिल्कशेकमधल्या लॅक्टोजमुळेच त्या गटाचे जुलाब वाढले नसतील कशावरून?

दुसरी २०१३ ची, वेल्स आणि इंग्लंडमधली, नाव प्लॅसाइड. वय ६५ च्या वर, जवळपास ३,००० रुग्ण. इथे पेय नव्हतं, कॅप्सूल होती, पण रोज ६,००० कोटी जिवाणू, चार प्रकारचे, २१ दिवस. निकाल? जुलाब प्रोबायोटिकवाल्यांत १०.८ टक्के, नुसत्या कॅप्सूलवाल्यांत १०.४ टक्के. सी. डिफ ०.८ विरुद्ध १.२. म्हणजे सांगण्यासारखा फरकच नाही.

तिसरी आपल्या देशातली. ज्या कलकत्त्यात १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याच्या जंतूचा माग काढला आणि जिथे हाफकिनने लस टोचली, त्याच शहरातल्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेने ती केली. निकाल २०११ मध्ये छापून आला. झोपडपट्टीतली एक ते पाच वर्षांची ३,७५८ मुलं. निम्म्यांना बारा आठवडे शिरोटाच्या जिवाणूचं पेय, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पौष्टिक पेय. प्रोबायोटिकवाल्या गटात ६०८ मुलांना जुलाब झाले, दुसऱ्या गटात ६७४. संशोधकांच्या हिशेबात जुलाबाचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांनी कमी.

१४ टक्के या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. जिथे जुलाबाने मुलं दगावतात, तिथे शंभरातले चौदा वाचले तर ते थोडं नाही. पण म्हणजे उरलेले ८६ तसेच राहिले. आणि स्वच्छ पाणी, शौचालय, ओआरएस यांची जागा ही बाटली घेऊ शकत नाही. शिरोटाच्या डोळ्यांसमोर जी मुलं होती, त्यांच्यासाठी काहीतरी साधलं, पण जाहिरातीत वाटतं तेवढं नाही.

नंतर अशा कितीतरी चाचण्या एकत्र मांडून बघितल्या गेल्या. त्यातून दिसलं ते असं: अँटिबायोटिक चालू असताना काही ठरावीक जिवाणू दिले तर सी. डिफचा धोका कमी होऊ शकतो, पण मुख्यतः जिथे तो धोका मुळातच जास्त आहे तिथे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हेच सांगितलं. रोखण्यासाठी काही प्रकार चालतील, तेही जपून. पण सी. डिफ एकदा झाल्यावर उपचार म्हणून प्रोबायोटिक द्या, असं त्यांनी म्हटलं नाही.

मी इथेच चुकलो होतो, मंडळी. आजीला सी. डिफ आधीच झालेला होता. आणि मी तिला, फार तर तो होऊ नये म्हणून कदाचित उपयोगी पडणारी गोष्ट पाजत बसलो.

पित्ताची भानगड

मग बाटली तिथे का हरते? याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं.

सी. डिफचे बीजाणू, म्हणजे झोपलेले दाणे, कुठेही असू शकतात. दवाखान्यात तर जास्तच. यकृतातून येणारं ताजं पित्त त्यांना जागं करतं. निरोगी आतड्यात मात्र काही खास बॅक्टेरिया त्या पित्ताचं रूप बदलतात, आणि बदललेलं पित्त सी. डिफला वाढू देत नाही. अँटिबायोटिक्स या खास कामगारांना मारतात, पहारा उठतो आणि सी. डिफ मोकाट सुटतो. दह्यातले किंवा बाटलीतले लॅक्टोबॅसिलस हे काम करत नाहीत. ते त्यांचं खातंच नाही.

म्हणजे मी वॉचमनच्या जागी आचारी पाठवला होता.

मग पुरा कर्मचारीवर्गच परत आणला तर? तेही केलं गेलं. १९५८ मध्ये डेन्व्हरला बेन आइझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच गंभीर आजारातल्या चार रुग्णांना निरोगी माणसाचं शौच पातळ करून एनिमातून दिलं. ते बरे झाले. २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी याची नीट चाचणी घेतली. पुन्हापुन्हा सी. डिफ होणाऱ्या रुग्णांना नळीवाटे तोच प्रकार दिला. १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळेला बरे झाले, नुसत्या व्हँकोमायसिनवर १३ पैकी ४. फरक एवढा मोठा की चाचणी मध्येच थांबवली. ऐकायला किळसवाणं आहे, पण मेचनिकोव्हची "शेजारी बदला" ही कल्पना सगळ्यात ठळकपणे खरी ठरली ती इथे. त्याने एक जिवाणू पाठवायचा म्हटलं होतं, लागलं अख्खं गाव. आणि हे घरी करून बघायचं नाही, दात्याच्या कडक तपासण्या लागतात!

"प्यायल्याने नुकसान तर नाही ना?" हेही सरसकट खरं नाही. २००८ मध्ये नेदरलँड्समध्येच स्वादुपिंडाच्या गंभीर आजारात नळीवाटे प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. २०१८ मध्ये इस्राएलच्या संशोधकांना दिसलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे स्वतःचे जिवाणू पूर्ववत व्हायला उलट जास्त वेळ लागला. धडधाकट माणसाने बाटली प्यायली म्हणून घाबरायचं कारण नाही. पण अतिदक्षता विभागातल्या माणसाला किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्याला डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

मग ताक प्यायचं की नाही?

खुशाल प्या. दही-ताकातल्या बॅक्टेरियांमुळे लॅक्टोज पचायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१० मध्ये मान्य केलंय. बाकीच्या बहुतेक प्रोबायोटिक दाव्यांना त्यांनी नाही म्हटलं होतं, म्हणून या होकाराला किंमत आहे. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका छोट्या अभ्यासात, दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या बॅक्टेरियांची विविधता वाढलेली दिसली. पण घरच्या विरजणात नेमके कोण, किती, हे प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळं. त्यामुळे ते उत्तम अन्न आहे, औषध नाही.

मेचनिकोव्हवर मला हसू येत नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता. शेजारी बदलले तर रोग थांबतो, हेही बरोबर निघालं. बशीत दिसलेलं पोटातही तसंच होईल, आणि एक चांगला जंतू सगळ्या वाईटांना पुरेल, ही त्याची घाई होती. तीच घाई एकशेवीस वर्षांनी माझ्या तोंडून बाहेर पडली, तीही त्याच्याएवढा अभ्यास न करता.

म्हणून एक यादी, स्क्रीनशॉट काढून ठेवा. अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा संपल्यावर दोन-तीन महिन्यांत कुणाला दिवसाला तीनपेक्षा जास्त पातळ जुलाब झाले, विशेषतः म्हाताऱ्या माणसाला, तर ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आधी कोणती अँटिबायोटिक्स घेतली ते न विसरता सांगा. जुलाब थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नका. आणि घरात माझ्यासारखा एखादा इंजिनिअर "दोन दिवस थांबा" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका.

आजी आता ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात गेलो तर तिने स्वतः ताक घुसळून समोर ठेवलं. मी विचारलं, "आजी, तुला ठीक वाटतंय ना पोटाला?" म्हणाली, "मला काय धाड भरलीय? तू पी मुकाट्याने. आणि परत डॉक्टर व्हायला जाऊ नकोस."

तर मंडळी, आजचा एपिसोड इथेच थांबवतो. तुमच्या घरी अँटिबायोटिकनंतर असं काही झालं असेल तर जरूर कळवा, आणि हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तिथे याची गरज जास्त आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!